पेटाऱ्याचं वजन

परवा दुपारी गच्चीवर वाळत घातलेला माझा पंचा उडून शेजारच्या नारळाच्या झावळीत अडकला, आणि आडी महिना, म्हणजे तमिळ आषाढ, लागल्याचं मला कळलं. पंचांग बघायची गरज पडत नाही. पश्चिमेकडून वारा सुटतो, दारं आपटायला लागतात, केळीच्या पानांच्या चिंध्या होतात आणि ताटातल्या भातावर बारीक धूळ बसते. तुमच्याकडे महाराष्ट्रात या सुमाराला लोक ढगांकडे बघून हळवे होतात म्हणे. आमच्या तंजावरात या दिवसांत ढगांचं फारसं काही नसतं. वारा असतो, कालव्यांना कावेरीचं नवं पाणी असतं, आणि गावोगावच्या अम्मनच्या, म्हणजे देवीच्या, देवळांसमोर अंबिलीचे हंडे चढतात. लोकांना आनंद होतो. मला राग येतो.

या रागाच्या मुळाशी एक पेटारा आहे. आमच्या घरात त्याला पेटाराच म्हणतात. खरं तर तो गिटारचा ॲम्प्लिफायर आहे, ट्यूबचा, जुना. वर काळं रेक्झिन, पुढे विटकरी रंगाची जाळी, डोक्यावर चामड्याची मूठ. मी चाळीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो आहे. दिवसा वीज खात्यात कारकुनी केली, संध्याकाळी गिटार. आडीत आमच्या ऑर्केस्ट्राला सगळ्यात जास्त बोलावणी असतात, म्हणजे आडी हा माझा पेटारा उचलण्याचा महिना. आणि या वर्षी पोंगलच्या आधी पाठीत अशी चमक भरली की तीन दिवस मी भिंतीला धरून न्हाणीघरात जात होतो.

डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाचा. त्याने हसत हसत सांगितलं, "राव सार, पाण्याने भरलेली बादली उचलता ना? तेवढंच. त्याच्यावर काही नाही." मी विचारलं, बादली केवढी? तो म्हणाला, घरातली. मी घरी येऊन आधी पेटारा कोपऱ्यावरच्या तांदळाच्या दुकानात नेला. नेला म्हणजे दुकानदाराच्या दोन माणसांनी नेला. काट्यावर अठ्ठावीस किलो भरला. आमची बादली भरून पंधरा.

तेव्हापासून जो येतो तो मला एकच सल्ला देतो आहे. हलका घ्या. आता हलके मिळतात. आवाज तसाच असतो. मेहुणा म्हणतो, बँकेतला जुना मित्र म्हणतो, घरी दूध घालणारी बाई म्हणते. यांतल्या एकानेही आयुष्यात ट्यूबमधून निघालेला सूर लक्ष देऊन ऐकलेला नाही. पण आवाज तसाच असतो हे सगळ्यांना ठाऊक. एखाद्या गवयाला कुणी सांगतं का, की तुमचा गळा काढून हा बसवा, हलका आहे? गिटारवाल्याला सांगतात. या तंजावरात वीणेला नमस्कार आहे, मृदंगाला नमस्कार आहे, आणि गिटार म्हणजे लग्नात जेवणावळ चालू असताना मागे वाजणारं काहीतरी. चाळीस वर्षं हे ऐकून घेतलं. त्यावर आता हा सल्ला.

ट्यूब म्हणजे काचेचे छोटे दिवे, जुन्या रेडिओत असायचे तसे. बटण दाबलं की लगेच आवाज येत नाही. आधी मागच्या बाजूला नारिंगी उजेड धरतो, मग त्यांच्यावरची धूळ तापल्याचा वास येतो, आणि मिनिटभराने पेटारा जागा होतो. तारेला हलका हात लावला तर सूर गोल येतो. जोरात मारली तर तोच सूर कडेला जरासा फाटतो. ते फाटणं माझ्या बोटांच्या ताब्यात असतं, कमी किंवा जास्त, मला हवं तेवढं. खेड्यात संध्याकाळी घरोघरी ग्राइंडर सुरू झाले की विजेचा दाब उतरायचा, ट्यूबांचा उजेड मंदावायचा आणि आवाज लोण्यासारखा मऊ व्हायचा. मग मी मुद्दाम संथ गाणं घ्यायला सांगायचो. सगळ्या गावाची इडलीची तयारी माझ्या सुरात उतरायची. हे त्या हलक्या डब्यात कसं येणार, सांगा.

आमच्या ऑर्केस्ट्राचा मालक गुणशेखरन, म्हणजे गुणा. तो कीबोर्ड वाजवतो. माझ्याहून वर्षाने लहान, आणि केस अजून काळे करतो. ऑर्केस्ट्रा काढला तेव्हाच त्याने एक नियम घालून दिला होता. पहिल्याच वर्षी भाड्याच्या हमालाने त्याचा कीबोर्ड उलटा टेकवला आणि चार पट्ट्या तुटल्या. त्या दिवशी गुणाने आम्हा सगळ्यांना कालव्याच्या कठड्यावर बसवून सांगितलं, "आपलं वाद्य आपण उचलायचं. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावायचा नाही. ज्याला उचलता येत नाही त्याने वाजवू नये." आम्ही पंचविशीत होतो. आम्हाला हे फार मर्दानी वाटलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्यात माझी सर्वांत जोरात.

हा नियम आम्ही पाळला. पापनाशमकडे जाणाऱ्या टाउन बसमध्ये मी हा पेटारा मागच्या दाराने चढवला आहे. बांधावरून नेला आहे, एका हातात पेटारा आणि दुसऱ्या हातात चपला, कारण चिखल. कंडक्टर विचारायचे, "आत काय आहे सार? वाटायचा दगड?" मी हसायचो. आत काय आहे हे मला एकट्याला ठाऊक आहे, असं ते हसणं असायचं. इकडे गुणाचा कीबोर्ड दर पाच-सहा वर्षांनी नवा यायचा आणि दर वेळी आधीच्यापेक्षा हलका असायचा. आता तर तो खांद्याला पिशवी लावून येतो. आणि नियम मात्र तोच.

यंदा वारा सुटायच्या आधीच त्याचा फोन आला. आमची आडीतली पहिली हजेरी पापनाशमजवळच्या एका गावात असते, कालव्याकाठच्या अम्मनसमोर, नियम झाला त्याच कठड्याजवळ. तिथे आम्ही एकही आडी चुकवलेली नाही. गुणा म्हणाला, "राव, तू ये, पण पेटारा आणू नकोस. गिटार सरळ मिक्सरला लाव."

"मिक्सरला लावली तर ती डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते," मी म्हणालो.

"मग हलका ॲम्प घे. नाहीतर असं कर, तू पुढे खुर्चीवर बस. तुझी गिटार मी पेन ड्राइव्हवर घालून आणतो. कुणाला कळणार नाही."

कुणाला कळणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षं बोटं झिजवली ती कुणाला कळणार नाही म्हणून? मी फोन ठेवला. मग पुन्हा उचलला आणि त्याला सांगितलं की मी येईन, पेटारा घेऊन येईन, स्वतः उचलून आणीन, आणि नाही जमलं तर नियमाप्रमाणे वाजवणार नाही, या वर्षी नाही आणि पुढेही नाही. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय बोलून बसलो आहे.

बायको रमा दारात उभी राहून ऐकत होती. "आडी जवळ आली की तुमचं मुख असंच होतं," ती म्हणाली. "राग कोणावर की, कोणास ठाऊक."

"पेन ड्राइव्ह म्हणतो तो मज. पेन ड्राइव्ह."

"बरं की. पेन ड्राइव्हची पाठ दुखत नाही."

मैथिली, माझी मुलगी, चेन्नईला असते. तिला आईने लगेच कळवलं. पोर गुणी आहे. तिने मला तिकडे बोलावून घेतलं आणि वाद्यांच्या दुकानात नेलं, काचेचं दार, आत गारठा. तिथे केसांना तेल न लावलेला एक मुलगा पुढे आला आणि एका बोटावर उचलता येईल असा डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "सेम टोन, सार." मी वाजवला. सूर आला, अगदी स्वच्छ आला, पण जोरात मारलं तरी तसाच आणि हळू मारलं तरी तसाच. माझ्या हाताला काही विचारतच नव्हता. मी दुसरा मागितला. त्यात एक चक्र होतं, ते फिरवलं की ट्यूबचा आवाज, आणखी फिरवलं की दुसऱ्या ट्यूबचा आवाज, तिसऱ्याला चर्चचा घुमट. घुमटाचं मला काय करायचं आहे? मी वाजवणार मारिअम्मनसमोर.

अन्याय नको म्हणून सांगतो. एक खरा ट्यूबचा होता तिथे, लहान, आणि तो लबाड नव्हता. त्या मुलाने समजावून सांगितलं की ट्यूबा कमी, म्हणून आतले ट्रान्सफॉर्मर लहान, स्पीकरचं चुंबकही नव्या जातीचं, म्हणून वजन निम्मं. खोलीत तो गोड वाजला. मी क्षणभर हललोसुद्धा. मग मी त्याला उघड्या मैदानावर लागेल एवढा मोठा केला, आणि बिचाऱ्याचा घसा बसला. मी गिटार खाली ठेवली आणि त्या मुलाला माझा सिद्धान्त ऐकवला. वजन आहे म्हणून आवाज आहे. जड पेटारा जमिनीला धरून राहतो, म्हणून सूर जमिनीतून येतो. हलका पेटारा स्वतःच थरथरतो आणि अर्धा सूर तिथेच खाऊन टाकतो. मुलगा नम्रपणे ऐकत होता. मैथिली मोबाइल बघत होती, कारण हा सिद्धान्त तिने पाळण्यात असल्यापासून ऐकला आहे.

हा सिद्धान्त मला सापडला तो एका आडीत. ती आडी मी विसरणार नाही. मैथिलीला तेव्हा दात येत होते. त्या वर्षी वारा असा होता की सायकल सरळ चालेना. त्याच गावात, त्याच अम्मनसमोर, रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून मंच उभारलेला. पाच वाजले असतील. बायका डोक्यावर कडुलिंबाचा पाला आणि अंबिलीची मडकी घेऊन येत होत्या, पोरं ओंजळीने अंबील पीत होती, भोंग्यांची तोंडं वाऱ्याने फिरत होती आणि गाणं एकदा आमच्याकडे यायचं, एकदा भाताच्या रोपांकडे जायचं. दुसऱ्या गाण्याच्या मध्ये मागून एक झोत आला. फळी उचलली गेली, माझा पेटारा पुढे झुकला, आणि मी हात पुढे करेपर्यंत मंचावरून खाली चिखलात तोंडावर पडला. स्पीकरचा कागद फाटला. तळाची फळी कोपऱ्यातून निघाली. ट्यूबा फुटल्याचा तो बारीक आवाज मला गर्दीतही ऐकू आला. मी तिथे सगळ्यांसमोर रडलो, हे सांगायला मला लाज नाही.

तो पेटारा माझ्याकडे आला होता तिरुचिरापल्लीच्या रेल्वे कॉलनीतून. एक अँग्लो-इंडियन म्हातारा ऑस्ट्रेलियाला मुलाकडे निघाला होता आणि त्याने मला वाजवायला लावून, ऐकून, मगच दिला होता. असा दुसरा मिळणार नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तो सायकलरिक्षात घालून आरोक्यम अण्णांकडे नेला. आरोक्यम अण्णा जुन्या बसस्टँडमागे रेडिओ दुरुस्त करायचे. भिंतभर उघडे रेडिओ, मध्ये ते, कानाला पेन्सिल. दुरुस्ती झाली की त्या रेडिओच्या आत, मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, ते पेन्सिलने लिहून ठेवायचे: काय बदललं, काय जोडलं, पुढे काय बघायचं. मी एकदा विचारलं होतं की हे कुणासाठी. "पुढचा मेकॅनिक उघडेल त्याच्यासाठी," ते म्हणाले. "मालकाला सांगून काय उपयोग? मालक विसरतो."

आठ दिवसांनी मी पेटारा आणायला गेलो. अण्णांनी तो बाकावर ठेवला, मी तार लावली, आणि एक सूर मारला. काय सांगू. पडण्याआधी असा आवाज कधी आला नव्हता. खाली भरलेला, वर उजळ, आणि पोटात लागणारा. मी दहा मिनिटं वाजवत बसलो. मग उचलायला गेलो तर तो आधीपेक्षा जड. तळाची फळीही जाड झालेली. त्याच क्षणी माझ्या डोक्यात दोन गोष्टींची गाठ बसली. जड झाला, म्हणून असा वाजला.

घरी माझे वडील, नाना, पेटारा दारातून आत घ्यायला आले. "जड झालंय की," ते म्हणाले. मी म्हणालो, "नाना, जड आहे म्हणूनच बोलतंय तें." नानांनी मान हलवली. त्यांनी मला लहानपणी मोडी आणि बाळबोध दोन्ही लिपी हट्टाने शिकवल्या. तमिळ शाळेत जाणाऱ्या पोराला हे कशाला, असं सगळे म्हणत तरी शिकवल्या. त्यांना हट्ट समजत असे.

पुढच्या वर्षी रस्त्यात आरोक्यम अण्णा भेटले. म्हणाले, "राव, तो डबा एकदा आणून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे." मला ते लागलं. चांगला चाललेला पेटारा पुन्हा उघडायचा? कामाची चणचण असेल, म्हणून बोलवतात, असं मला वाटलं. मी म्हणालो, "अण्णा, याच्या लाकडाला आता कुणीही हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा." ते हसले. त्यानंतर ट्यूबा गेल्या की मी मागून स्वतः बदलायचो, स्पीकरच्या तारा स्वतः जोडायचो. लाकडाचा एक स्क्रू मी कुणाला काढू दिला नाही. आरोक्यम अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकतात.

चेन्नईहून मी रिकाम्या हाताने आलो. हजेरीला सहा दिवस उरले होते. रमाने मला जेवायला वाढलं आणि शांतपणे म्हणाली, "वीणा करणाऱ्यांच्या गल्लींत मुरुगेसन आशारी आहे. त्यास दाखवा. पेटाऱ्याचं अंग हलक्या लाकडाचं करून देईल. आंतलं सगळं तुमचंच राहतें."

"लाकूड बदललं की आवाज बदलतो."

"मग पाठ बदलून घ्या," ती म्हणाली, आणि ताकाची वाटी माझ्यापुढे सरकवली.

मी दोन दिवस धुमसत राहिलो. तिसऱ्या दिवशी रिक्षा केली. मुरुगेसन आशारी, आमच्याकडे सुताराला आशारी म्हणतात, फणसाच्या ओंडक्यातून वीणेचा भोपळा कोरत बसला होता, सगळं अंगण पिवळ्या भुशाने भरलेलं. त्याने पेटारा बघितला, बोटाने चारी बाजू ठोकल्या, मग आडवा केला आणि तळाशी ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"सार, याला दोन तळ आहेत," तो म्हणाला. "आणि मध्ये लाकूड नाही."

मी म्हणालो की ती जाड फळी आहे, तिनेच आवाज येतो, तिला हात लावू नकोस. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खालची फळी उघडलीच. आत सबंध तळाएवढा एक लोखंडी पत्रा होता, बोटभर जाड, कुठल्या तरी भाताच्या गिरणीतून कापून आणलेला, कारण एका कडेला अजून गिरणीचं भोक होतं. उघडलेल्या फळीच्या आतल्या बाजूला, लाकडावर, आरोक्यम अण्णांचं पेन्सिलीतलं तमिळ अक्षर. आशारीला चष्मा लागत नाही. त्याने वाचून दाखवलं.

"ट्यूब चारही नव्या. स्पीकरचा कागद नवा, चुंबक नीट बसवलं. आडीच्या वाऱ्यात पडू नये म्हणून तळाला लोखंड घातलं आहे. आडी संपली की काढणे. आरोक्यम."

मी त्याच्या हातातून फळी घेतली आणि स्वतः वाचली. तेच लिहिलं होतं. आडी संपली की काढणे. तीस आडी संपल्या होत्या. आशारीने पत्रा काढून भुशात टाकला, आणि तो पडला तेव्हा कोरलेला भोपळासुद्धा हलला.

मग मला राग आला, आणि तो असा आला की कुठे ठेवावा ते कळेना. आरोक्यम अण्णांवर आला: पेन्सिलने लाकडाला सांगतात आणि माणसाला नाही, ही कुठली रीत? आणि लगेच आठवलं की त्यांनी सांगायचा प्रयत्न केला होता, भर रस्त्यात, आणि मी त्यांना काम मागणारा माणूस समजलो होतो. त्या कंडक्टरांवर आला, कारण त्यांना बाहेरून कळलं होतं. माझ्या पाठीवर आला, की तिने तीस वर्षं मुकाट्याने वाहिलं कशाला? पण खरा राग आला तो त्या सिद्धान्तावर. किती लोकांना ऐकवला मी तो. नव्या पोरांना, कीबोर्डवाल्यांना, चेन्नईच्या त्या मुलाला. ज्या आवाजाच्या पायी मी तो लोखंडी पत्रा देवासारखा वाहिला, तो आवाज नव्या ट्यूबांचा आणि नव्या कागदाचा होता. लोखंड तिथे नुसतं बसून होतं.

तरी मी हरलो नाही. म्हणालो, आता बघ, आवाज पातळ होईल. आशारीने खालची फळी पुन्हा लावली, लोखंडाशिवाय. त्याच्या अंगणात तार ओढली. ट्यूबा नारिंगी झाल्या, धुळीचा वास आला. मी जोरात मारलं. हळू मारलं. मधल्या तारेवर बोट ओढून सूर फाडून बघितला. डोळे मिटून बघितलं. आशारी भोपळा कोरत होता.

"काय रे? फरक कळतो?" मी विचारलं.

"मला इलेक्ट्रिकमधलं कळत नाही सार," तो म्हणाला, "पण लाकूड आधी दबून बोलत होतं. आता सरळ बोलतंय." मग जरा थांबून, "नवं अंग करायची गरज नाही. हे चांगलं आहे."

मला त्याचं म्हणणं पटवून घ्यायचं नव्हतं. माझा निर्णय असा की आवाज तोच होता, केसभरही कमी नाही. आणि हेच मला सहन होत नव्हतं. थोडा तरी कमी व्हायला हवा होता. तीस वर्षांच्या वजनाला काहीतरी कारण राहिलं असतं.

उघडलेली फळी बंद करण्याआधीच त्याने मला पेन्सिल पुढे केली होती. त्यांच्या कामातही आत लिहून ठेवायची रीत आहे. मी नको म्हणालो होतो. माझ्या तोंडात त्या वेळी जे होतं ते लाकडावर लिहिण्यासारखं नव्हतं. येताना तांदळाच्या दुकानात पेटारा पुन्हा काट्यावर ठेवला. सतरा किलो. बादली आणि वर दोन तांबे. रमा म्हणाली, "डॉक्टरास बादली मोठी म्हणून सांगू."

हजेरीच्या दिवशी चार वाजता मी त्या गावात उतरलो. गुणा मंचाखाली उभा होता, खिशात पेन ड्राइव्ह, तो मला दिसत होता. मी रिक्षातून पेटारा उतरवला आणि एका हाताने उचलून पायऱ्या चढलो. पाठ कुरकुरली, पण इतकी नाही. गुणा बघत राहिला. "नवा घेतलास?" त्याने विचारलं. "नाही," मी म्हणालो. "जुनाच आहे. आत होता." त्याला काही कळलं नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. माझा राग अजून निवला नव्हता.

वारा मात्र होताच. अंबिलीच्या हंड्यांखालच्या जाळाला त्याने लोळवलं होतं, कडुलिंबाचा पाला मंचभर उडत होता. मी तार लावली आणि पेटारा जरा हलला. पुन्हा झोत आला आणि तो चांगलाच पुढे झुकला. मी गुडघा टेकवून धरला. प्रथमच मला त्या लोखंडाची आठवण प्रेमाने आली. आता काय करावं, म्हणून मी असा एका गुडघ्यावर बसलेलो असताना अंबील वाढणाऱ्या बाईंनी, माझ्याहून वयाने मोठ्या, खालून हाक मारली, "सार, काय झालं?" मी सांगितलं. त्या मागच्या घराकडे गेल्या आणि सुनेला घेऊन आल्या. दोघींनी मिळून वाटायचा दगड आणला होता, काळा, तुळतुळीत, नुकताच धुतलेला. मंचाच्या कडेला ठेवला. मी तो पेटाऱ्याच्या पायाशी लोटला. पेटारा हलला नाही.

"काम झालं की इथेच ठेवा," त्या बाई म्हणाल्या. "उद्या सकाळी लागतो."

इतकंच होतं. प्रत्येक गावात दगड होता. प्रत्येक गावात तो द्यायला कुणीतरी होतं. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही असं आम्ही पंचविशीत ठरवलं, आणि मी माझा दगड घरून वाहून नेत राहिलो. हे मला त्या मंचावर कळलं आणि गुणाने नियम केला त्या कठड्याकडे मी इतक्या रागाने पाहिलं की तो म्हणाला, "काय झालं राव?" मी म्हणालो, "काही नाही, सुरू कर." संध्याकाळी ग्राइंडर लागले. ट्यूबा मंदावल्या. मी संथ गाणं मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटारा अंगणात आडवा केला आणि खालच्या फळीचे स्क्रू मी स्वतः काढले. आरोक्यम अण्णांच्या अक्षराखाली वीतभर जागा होती. मैथिलीची जुनी पेन्सिल घेतली. पुढचा जो कुणी उघडेल त्याला देवनागरी वाचता येणार नाही, म्हणून तमिळमध्येच लिहिलं. मनात फार होतं: तक्रार होती, त्यांना उशिरा द्यायचं उत्तर होतं, माझ्या पाठीचा सगळा हिशोब होता. जागा थोडी होती. मी लिहिलं, "लोखंड काढलं. आवाज तोच आहे. राव."

खाली 'उशीर झाला' असंही लिहावंसं वाटलं. पण पुढच्या मेकॅनिकला त्याचं काय. मी फळी लावली आणि स्क्रू घट्ट केले.